पिवळ्यावर लाल लिहिणाऱ्याचं म्हणणं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवार पुरवणीत आपल्या स्तंभलेखकांनी वाईट दिसणाऱ्या मराठी वेबसाइटांची हजेरी घेतली होती. त्यात तिसऱ्या नंबरावर जिचं चित्र छापलंय ती माझी, लांज्याच्या एसटी गाड्यांच्या वेळा सांगणारी. पिवळंधमक पान, त्यावर लालभडक अक्षरं, डोक्यावर पळणारी ओळ, कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या समया आणि मधोमध गणपती. लेखात माझं नाव नाही, गावाचंही नाही, हा आपला चांगुलपणा. पण चित्रात भांबेड, साटवली, प्रभानवल्ली ही नावं स्वच्छ वाचता येतात, त्यामुळे लांजा तालुक्यात कुणाला काही विचारावं लागलं नाही. सोमवारी सकाळी दूध आणायला गेलो तर टपरीवरच्या तिघांनी ‘काय वो, पेपरात आलात!’ म्हणून स्वागत केलं. चौथ्याने लेख मोठ्याने वाचून दाखवला. ‘हे पान बघून जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यासारखं गरगरतं’ या वाक्याला सगळे खळखळून हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र जेवलो नाही.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, ३१ वर्षं. २०१९ साली निवृत्त झालो. हे पद ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: स्थानकात जाळीच्या खिडकीआड बसून ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे’ असं ध्वनिक्षेपकावर म्हणणारा आणि गाडी उशिरा आली की अख्ख्या तालुक्याच्या शिव्या खाणारा तो वाहतूक नियंत्रक. त्या खिडकीत बसून एक सवय लागते. समोरचा माणूस आधी आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि मग कधीतरी शेवटी सांगतो की साटवलीची गाडी तासभर नाही आणि पोराचा बारावीचा पेपर आहे. उद्धार एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायचा, पेपर आहे तेवढं वहीत लिहायचं आणि काही सोय होते का बघायचं. लेख वाचला त्या रात्री मी आपल्याला चार पानी उत्तर लिहिलं होतं. त्यात नुसताच उद्धार होता. दुसऱ्या दिवशी ते बंबात घातलं. हे पत्र त्यानंतरचं आहे, वहीत नोंदी केल्यावरचं.

आधी एक चूक, कारण ती मला गप्प बसू देत नाही. लेखात म्हटलंय की एसटीच्या या साइटवर जनतेच्या पैशाची उधळपट्टी झाली. ही साइट एसटीची नाही. ती माझी आहे. पत्त्याचे वर्षाला हजारभर रुपये माझ्या पेन्शनीतून जातात, बाकी खर्च शून्य. २०२० च्या लॉकडाउननंतर गाड्या तुटक तुटक सुरू झाल्या तेव्हा लोक निवृत्त माणसाला फोन करून विचारायचे, ‘साहेब, वस्तीची चालू झाली काय?’ दिवसाला तीस-चाळीस फोन. पुतणी रत्नागिरीला इंजिनीअरिंगला होती, ती घरी अडकलेली. म्हणाली, काका, एकदाच लिहून ठेवा आणि सगळ्यांना पत्ता द्या. तिने एचटीएमएलची, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिची, बाराखडी शिकवली आणि मी नोटपॅडमध्ये पान लिहिलं. स्थानकातल्या फळ्यावरून वेळा उतरवून आणायच्या, घरी येऊन पानावर चढवायच्या. अजूनही रोज सकाळी मी तेच करतो. संपाच्या वेळी, २०२१-२२ मध्ये, पान पाच महिने जवळपास कोरं होतं, तरी लोक उघडून बघायचे. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि विचारणा पुन्हा वाढली.

तर, ‘हे वेळापत्रक अधिकृत नाही, एका निवृत्त कर्मचाऱ्याने स्वखर्चाने ठेवले आहे’ ही ओळ पानाच्या तळाशी पहिल्या दिवसापासून आहे. स्तंभलेखकांनी ती वाचली नाही म्हणून मला फार राग आला होता. मग मी माझ्याच फोनवर, चष्मा लावून, ती ओळ शोधली. बारीक अक्षरात, पिवळ्यावर लाल. मलाही दुसऱ्या खेपेला सापडली. तेव्हा अर्धी चूक माझी धरा. उरलेल्या अर्ध्या चुकीचा खुलासा मात्र आपण छापावा ही विनंती.

रंगांबद्दल. लाल-पिवळा निवडला तो एसटीचा रंग म्हणून, त्यात लाजण्यासारखं मला अजून काही दिसत नाही. पण ‘डोळ्यांना झिणझिण्या आणणारे रंग’ हे शब्द मनातून जाईनात म्हणून पुतणीला फोन केला. तिने सांगितलं की याला मोजमाप असतं. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय नियम केलेले आहेत, त्यात अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक आकड्यात काढतात. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, तो सगळ्यात जास्त. बारीक अक्षराला निदान साडेचार हवा, मोठ्या ठळक अक्षराला तीन चालतो. माझं शुद्ध पिवळ्यावर शुद्ध लाल मोजलं तर आलं ३.७. म्हणजे वरचं मोठं शीर्षक पास, खालच्या वेळा नापास. वेळांसाठीच तर लोक येतात. स्तंभलेखक बरोबर होते.

मग त्याच आकडेमोडीत मी त्यांचा सल्लाही घातला. त्यांनी लिहिलंय की पांढरं पान ठेवावं, मजकूर ‘सौम्य करड्या’ रंगात असावा, आणि त्या करड्याचा आकडाही दिलाय, तीनदा नऊ लिहिला की येतो तो. त्याचे गुण आले २.८५. आमच्या जत्रेपेक्षाही कमी! हे बघितल्यावर त्या रात्री मात्र मी नीट जेवलो.

शेवटी पिवळा ठेवला आणि अक्षरं काळी केली. ते येतं साडेएकोणीस. एसटीचा लाल आता फक्त वरच्या पट्टीत आहे, त्यावर पांढरी मोठी अक्षरं.

पळणाऱ्या ओळीबद्दल ते म्हणाले की ही १९९० च्या दशकातली खोड आहे. आहेच. पुतणीनेही २०२० मध्येच सांगितलं होतं की ते मार्की नावाचं प्रकरण आता एचटीएमएलच्या प्रमाणातून बाद झालंय, ब्राउझर जुनी ओळख म्हणून चालवून घेतात एवढंच. मी ऐकलं नाही. त्याचं कारण डिझाइनचं नव्हतं, धंद्याचं होतं. ध्वनिक्षेपकावर आम्ही सूचना तीन-तीनदा देतो, कारण पहिल्यांदा कोणी ऐकत नाही, दुसऱ्यांदा ‘काय म्हणाला?’ असं शेजाऱ्याला विचारतात आणि तिसऱ्यांदा पिशव्या उचलतात. मला वाटलं, ओळ फिरत राहिली म्हणजे सूचना पुन्हा पुन्हा होत राहील. पण त्या ओळीत मी टाकत होतो काय, तर आज रद्द झालेल्या फेऱ्या. सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि तेच पळतंय! फोनच्या टीचभर रुंदीत ‘साटवली’ दिसेपर्यंत ‘रद्द’ निघून गेलेलं असायचं. नियमही सांगतो की पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय हवी. आता रद्द फेऱ्या सगळ्यात वर, स्थिर आहेत. आधी चालू फेरी हिरवी आणि रद्द फेरी लाल असं नुसत्या रंगाने दाखवत होतो, तिथे आता ‘रद्द’ असा सरळ शब्द लिहितो. लाल-हिरव्यातला फरक न कळणारा एक ड्रायव्हरचा मुलगा आमच्याच आळीत आहे, आणि हे मला नऊ वर्षं माहीत आहे.

गणपती आणि समया काढल्या. त्यावर घरातून जरा विरोध झाला. ‘आपण ४१३०७ वे प्रवासी आहात’ हा आकडाही काढला, त्याची लेखात खास टर उडवली होती. तो काढताना मात्र हात जड झाला. पुतणीने बरीच वर्षं झाकून ठेवलेलं सत्यही त्याच दिवशी सांगून टाकलं, की मी स्वतः पान उघडलं तरी तो आकडा वाढायचा. मी दिवसातून वीसदा उघडत असेन. एक्केचाळीस हजारांतले माझे किती, हा हिशेब करायचा नाही असं ठरवलंय.

एका गोष्टीत स्तंभलेखकांनी माझी चूक पकडली ते वाचून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. ते म्हणाले, वर गावाचं नाव आहे आणि त्यातला पहिलाच ‘ल’ हिंदी वळणाचा आहे. हे मला पाच वर्षं दिसलं नव्हतं, आणि मी स्थानकाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या मागे उभा राहून ‘ल’ची पाकळी नीट काढ म्हणून सांगणारा माणूस! मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ वापरावा हे २००९ च्या शासन निर्णयातही आहे, आमच्या कार्यालयात ते परिपत्रक मीच फाइलला लावलं होतं. दुरुस्ती एका ओळीची निघाली. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं सांगितलं की ब्राउझर मराठी वळण उचलतो. मी कुठून तरी नमुना उचलला होता, त्यात भाषा हिंदी लिहिलेली होती. आता ‘लांजा’ लांज्यासारखं दिसतं.

आता जे मी करणार नाही त्याबद्दल. लेखात सुचवलंय की सुरुवातीला एक मोठं, देखणं छायाचित्र असावं, गावांची यादी मेन्यूत झाकावी आणि पानाला ‘मोकळा श्वास’ द्यावा. मी हटवादी नाही हे कळावं म्हणून पुतणीने एका संध्याकाळी तसं पान करून दिलं. दिसायला खरंच छान होतं. हिरवा घाट, त्यात लाल गाडी, वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. ते फोनवर घेऊन मी मे महिन्यातल्या दुपारी साडेबारा वाजता फलाटावर गेलो. ओळखीच्या-अनोळखी सात जणांच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुमच्या गावची पुढची गाडी शोधा. दोघांना सापडली, दोन्ही कॉलेजची पोरं. बाकी पाचांपैकी एकालाही त्या तीन रेघा दाबायच्या असतात हे कळलं नाही. आंब्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन बसलेल्या एका बाईंनी गाडीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून गाडीच्या कपाळावरची पाटी वाचायचा प्रयत्न केला. मी विचारलं, काय बघताय? म्हणाल्या, ‘खंयची गाडी ता बगतंय.’ त्या सिंधुदुर्गातल्या होत्या. त्यांचं बरोबरच होतं. गाडीचा फोटो दाखवला तर माणूस पाटीच वाचणार.

तेव्हा फोटो येणार नाही. गावांची यादी उघडीच राहील, सगळीच्या सगळी, नावं खेटून, कारण मोकळा श्वास दिला की प्रभानवल्लीच्या माणसाला अंगठ्याने चार वेळा पान सरकवावं लागतं. आमच्या खेड्यांत रेंज येते-जाते. घराच्या मागच्या दारी मिळते, ओटीवर मिळत नाही, अशी घरं आहेत. पान आधी साडेतीन एमबीचं होतं, आता ४६ केबीचं आहे.

साडेतीन एमबीतला मोठा वाटा गणपतीचा नव्हता, आणि या पत्राचं खरं कारण तिथे आहे. तो वाटा होता वेळापत्रकाच्या फोटोंचा. झालं असं होतं की सुरुवातीला मी वेळा टाइप केल्या त्या आमच्या कार्यालयात नोटिसा टाइप करायचो त्या जुन्या फॉन्टमध्ये. माझ्या कॉम्प्युटरवर झकास. लोकांच्या फोनवर मात्र इंग्रजी अक्षरांची भेळ. ते जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवतात, ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला खालची इंग्रजी अक्षरंच दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीने, पुन्हा टाइप करायला हवं होतं. ६४ फेऱ्या, प्रत्येकीचे मधले थांबे. पुतणी कॉलेजला परत गेली होती आणि मला कंटाळा आला. मी टाइप केलेल्या कागदांचे फोटो काढले आणि तेच पानावर चिकटवले. दिसत होतं ना सगळ्यांना, मग झालं!

लेख छापून आल्यावर आठ दिवसांनी एका मुलाचा फोन आला. इथल्या कॉलेजात शिकतो, रोज खेड्यातून येतो. मित्राने त्याला आपला लेख वाचून दाखवला होता. मला वाटलं हाही खेचणार. तो म्हणाला, ‘काका, रंगांचं माझं काही म्हणणं नाही, मला ते दिसत नाहीत. पण तुमच्या पानावर माझा फोन नुसतं ‘इमेज, इमेज’ म्हणतो. दोन वर्षं मी रोज कोणाला तरी विचारतो.’

त्याला जन्मापासून दिसत नाही. फोनमधलं टॉकबॅक पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवतं, त्यावर त्याचं सगळं चालतं. पण फोटोतली अक्षरं ही अक्षरं नसतात. डिझाइनवर पाऊण पान लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी माझ्या पानात अकरा दोष काढले, मी मोजलेत. हा त्यांत नव्हता. त्यांच्या मोठ्या पडद्यावर फोटो छान वाचता येत होते. मलाही येत होते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आम्ही दोघे एकाच बाकावर बसलो.

अकरा दिवस टाइप करत होतो. तो मुलगा दोनदा स्थानकात येऊन माझ्या शेजारी बसला. फोन कानाला लावून पान ऐकायचा, तोही इतक्या वेगात की मला त्यातलं अक्षर कळेना. रेडिओचा काटा भरकन फिरवावा तसा आवाज. मध्येच बोट थांबवून म्हणायचा, ‘इथे गावाचं नाव मथळा म्हणून टाका.’ गावांची नावं नुसती ठळक करून भागत नाही, ती मथळा आहेत असं पानाच्या भाषेत सांगावं लागतं, मग तो एका गावावरून थेट दुसऱ्या गावावर उडी मारू शकतो, सगळ्या वेळा ऐकत बसावं लागत नाही. १३.४५ च्या शेजारी ‘दुपारी पावणेदोन’ असं अक्षरी लिहायला त्यानेच सांगितलं. चोवीस तासांचं घड्याळ खेड्यात कोणाला कळत नाही असं आपल्या लेखातही होतं, तेव्हा मी ते उडवून लावलं होतं. एसटीत १३.४५ म्हणजे १३.४५, असं. त्या मुलाची आजी पण ‘पावणेदोनची’च म्हणते म्हणाला.

आणखी एक त्याच्या मित्राने दाखवलं. माझ्या पानावर दोन बोटांनी अक्षर मोठं होतच नव्हतं. नमुन्यातून उचललेल्या एका ओळीने मी ती सोय बंद करून ठेवली होती, कशासाठी ते देव जाणे. म्हाताऱ्या माणसांसाठी वेळापत्रक करायचं आणि मोठं करून बघायला कुलूप लावायचं! ती ओळ खोडली.

इतकं झाल्यावर आपल्या स्तंभलेखकांचे आभार मानावेत की नाही यावर घरात दोन मतं आहेत. लेख आला नसता तर त्या मुलाचा फोन आला नसता, हे खरं. बायकोचं म्हणणं, हेच चार ओळींच्या पत्रात कळवलं असतं तरी तुम्ही केलंच असतं की. माझं मला विचाराल तर, केलं नसतं. पुतणी पाच वर्षं गोडीत सांगत होती. पण ‘असल्या लोकांनी की-बोर्डला हात लावू नये’ हे जे शेवटचं वाक्य आहे, ते वहीत नोंदवण्यासारखं मला त्यात काही सापडलं नाही. ते मी खिडकीबाहेरच ठेवलं आहे.

त्यांना माझा निरोप द्यावा. मुंबईहून आडवलीला किंवा विलवड्याला रेल्वेने उतरावं, तिथून लांज्याला यावं. लॅपटॉप आणू नये, फोन पुरे. दुपारी बाराच्या सुमारास दोघे फलाटावर उभे राहू आणि नवं पान त्यांनी उन्हात बघावं. अजून चार दोष निघतील, निघाले तर लगेच वहीत घेतो. चहा माझ्याकडून. परतीची गाडी विचारायला खिडकीवर जायची गरज पडणार नाही, फक्त पान उघडताना सगळ्यात वरची ओळ आधी वाचावी, कारण संध्याकाळची फेरी या आठवड्यात दोनदा रद्द झाली आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
ता. लांजा, जि. रत्नागिरी